स्काऊट पथकाचे संघ बांधताना

यंदा ज्या गुरुजींकडे पहिल्यांदाच स्काऊट पथक आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पथक चालवतो. आमची कितीतरी लेकरं दिवाळीच्या सुमारास मायबापासोबत ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की परततात. तुमच्याकडेही असं असेल, तर पथकाची बांधणी पहिल्या दिवसापासून त्या हिशेबानंच करा.

एका पथकात जास्तीत जास्त 32 मुलं आणि एका संघात 6 ते 8. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकावर नायक म्हणून एक पोरगाच नेमला होता. आमचे संघ लांडगा, काळवीट, मोर आणि तितर. आपल्या माळावरचे प्राणी-पक्षी घेतले की पोरांना आरोळी शिकवावी लागत नाही. एका वस्तीचा एक संघ मात्र करू नका. गावातली, तांड्यावरची, शेतातल्या आखाड्यावरची लेकरं मिसळा.

संघनायक निवडायची घाई नको. दोन-तीन आठवडे नुसतं बघा. खेळ संपल्यावर दोरी गुंडाळायला कोण थांबतो? धाकट्याला डाव कोण देतो? वर्गात पहिला येणारा किंवा पुढाऱ्याचा मुलगा म्हणून कुणालाही फीत लावू नका. संघाला बसवून विचारा, लेकरं बरोबर नाव सांगतात. नायकाच्या खिशावर दोन हिरव्या फिती, उपनायकाच्या एक.

आता आपल्या भागातली खरी गोष्ट. नायक ऊसतोडीला जाणारा असेल, तर उपनायक गावात राहणारा घ्या. दोघांना जूनपासून प्रत्येक काम जोडीनं करू द्या. निघायच्या आधी मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, नायकानं संघध्वज आणि नोंदवही सगळ्यांसमोर उपनायकाच्या हाती द्यायची. त्याच्या फिती काढायच्या नाहीत. तो फडावर असला तरी संघाचा नायक तोच. जाताना त्याला एक छोटी वही द्या. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, रोज केलेलं एक सत्कृत्य त्यानं त्यात लिहायचं, आणि परतल्यावर पहिल्या संघसभेत वाचायचं. ज्याच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्याला हंगामी वसतिगृहाचा आधार देऊन गावातच ठेवता येतं का, हेही पालकांशी बोलून बघा.

मानसभा महिन्यातून एकदा तरी भरवा. त्यात सगळे संघनायक बसतात; सहल, शिबिर, तक्रारी सगळं तेच ठरवतात. गुरुजींनी सल्ला द्यावा तो शेवटी आणि थोडक्यात.

नवं लेकरू आलं की पहिल्याच दिवशी सलामी, नियम, प्रतिज्ञा असा मारा करू नका. त्याला संघात बसवा आणि एक सोबती द्या. सोबती शक्यतो सगळ्यात अलीकडे दाखल झालेला पोरगा असावा, कारण आपण काय काय विचारायला लाजत होतो ते त्याला ठाऊक असतं. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणाऱ्याला तीच बोली येणारा सोबती मिळाला, तर आठवड्यात तोंड उघडतं. मग त्याच्याकडून काहीतरी शिका. शेळ्या राखणाऱ्याला खुंट्याला दावं बांधणं येतंच. त्यानं ते संघाला करून दाखवावं आणि संघानं त्याला क्लोव्ह हिच, म्हणजे खांबाला दोर बांधायची गाठ, शिकवावी.

‘प्रवेश’ म्हणजे स्काऊटची पहिली पायरी, तिची तयारी किमान तीन महिने चालते. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणून मी दीक्षाविधी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर घेतो. तोवर कुणी ऊसतोडीला गेलेलं नसतं आणि मायबापही मैदानात उभे असतात. नायक नव्या मुलाला पुढे आणतो, मुलगा प्रतिज्ञा घेतो, मी स्कार्फ घालून डाव्या हातानं हस्तांदोलन करतो. गणवेशावाचून कुणाची दीक्षा थांबवू नका. मोठ्या झालेल्या मुलांचे गणवेश धुऊन पथकाच्या पेटीत ठेवा, त्यातून भागतं.

मार्च-एप्रिलात परतणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावू नका. आधी जे पूर्ण केलंय ते नोंदवहीत असतं, पुढचा सोपान, म्हणजे पुढची पायरी, तिथूनच.

मुलींच्या गाईड पथकातही हीच पद्धत, फक्त संघांना फुलांची नावं असतात. शाळा सुटल्यावर मुलींना घरकाम असतं, धाकटी भावंडं असतात. म्हणून त्यांची संघसभा शनिवारी सकाळच्या शाळेतच उरका आणि धाकट्यांना सोबत आणायची मोकळीक द्या.