महाबळेश्वर-पाचगणीत पर्यटकांना घर देताना या चुका टाळा

महाबळेश्वर आणि पाचगणीच्या पठारावर स्वतःचा बंगला किंवा बंगल्यातील दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देणारे पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या बहुतेक एकसारख्याच निघतात. पाहुणे रात्री उशिरा येतात, आल्या आल्या चिडलेले असतात, खोली स्वच्छ असूनही अभिप्रायात तारे कमी देतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘आमचे काहीच पाहून झाले नाही’ म्हणून मालकाला फोन करतात. माझ्या मते या सगळ्याचे मूळ एकाच ठिकाणी आहे: पाहुण्याने घाट चढण्यापूर्वी त्याला जे सांगायला हवे होते, ते कोणी सांगितलेलेच नसते. पडद्यांचा रंग निवडण्यात आठवडे घालवणारे नवे मालक रस्ता, वेळ आणि हवामान यांविषयी चार नीट वाक्ये लिहायला तयार नसतात, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

नकाशावरची खूण पाठवली म्हणजे पत्ता दिला, असे समजणे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पाचगणी ते महाबळेश्वर हा सुमारे वीस किलोमीटरचा मुख्य रस्ता सरळ सापडतो. पण भाड्याने दिली जाणारी बरीचशी घरे त्या रस्त्यापासून आत, शेतांच्या बांधांना लागून किंवा दरीच्या कडेला असतात. मोबाइलवरील नकाशा घराची जागा बरोबर दाखवतो, मात्र तिथे जाणारी वाट पुष्कळदा चुकीची निवडतो, कारण ट्रॅक्टरची वाट आणि मोटारीचा रस्ता यांतील फरक त्याला नेहमी कळत नाही.

आमच्या शेजारच्या एका घराची गोष्ट सांगतो. घराचे मालक पुण्यात राहत होते, घर नुकतेच भाड्याने द्यायला काढले होते, आणि त्यांनी नाशिकच्या एका कुटुंबाला नकाशावरची खूण आणि कुलपाचा क्रमांक एवढेच पाठवले होते. जुलै महिना, शनिवार, रात्रीचे दहा वाजून गेलेले, आणि ढग इतके खाली उतरलेले की गाडीच्या दिव्यांचा प्रकाश पुढच्या चार हातांवर परत फिरत होता. नकाशाने त्यांना मुख्य रस्त्यावरून एक वळण आधीच आत घेतले, आणि ती वाट स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या वाफ्यांपाशी येऊन संपली. गाडी मागे घेताना मागचे चाक चिखलात रुतले. मोबाइलला नेटवर्क नव्हते. ते मिळेल तिथपर्यंत त्या गृहस्थांचा मुलगा पावसात चालत गेला, तर पुण्यातील मालकांचा फोन बंद होता. घर सांभाळणाऱ्या मामांचा क्रमांक पाहुण्यांना दिलेलाच नव्हता, कारण कुलूप क्रमांकाने उघडत असताना माणसाची गरज काय, असा मालकांचा विचार होता. शेवटी त्या कुटुंबाने आमच्या दारावर थाप मारली. गाडीत सत्तरीच्या पुढच्या आजी होत्या आणि त्या थंडीने अक्षरशः थरथरत होत्या. आम्ही त्यांना आत घेतले, गरम चहा आणि भात दिला, मामांना उठवले आणि सकाळी ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली. त्या मालकांना मिळालेला अभिप्राय कडक होता, आणि तो योग्यच होता.

यावर माझी स्वतःची पद्धत ठरलेली आहे. मी घराची खूण आधी पाठवतच नाही. मुख्य रस्त्यावर जिथून आत वळायचे, त्या वळणाची खूण पाठवतो आणि सोबत त्या वळणाची, पुढच्या फाट्याची आणि घराच्या फाटकाची दिवसाउजेडी काढलेली छायाचित्रे देतो. दुसरे म्हणजे, पुण्याकडून येणाऱ्यांना मी ‘वाईत पोहोचलात की फोन करा’ असे बजावतो. वाईत नेटवर्क चांगले असते, पेट्रोल भरता येते, जेवणही होते, आणि तिथून पसरणीचा घाट चढून पाचगणीला यायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे फाट्यावर बॅटरी घेऊन कोणी केव्हा उभे राहायचे याचा अंदाज अचूक बांधता येतो. पावसाळ्यात संध्याकाळी पाच वाजेपर्यंत वाई सोडावी, असा माझा आग्रह असतो. त्याहून उशीर होत असेल, तर धुक्यात मोठे दिवे लावू नयेत आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर सुरू ठेवू नयेत, हेही मी सांगतो. चारही दिवे लुकलुकत असले की ती गाडी उभी आहे की वळते आहे, हे मागच्याला कळत नाही.

मुंबईकडून किंवा कोकणातून येणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. नकाशा त्यांना पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने वर येण्याचा रस्ता सुचवतो. हिवाळ्यात तो रस्ता देखणा आहे. पण पावसाळ्यात तो खुला आहे का, हे त्याच दिवशी सकाळी विचारल्याशिवाय कोणालाही त्या बाजूने बोलावू नये. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ताच खचून वाहतूक बंद पडली. ‘वीस किलोमीटर वाचतात’ हे कारण अशा वेळी पुरेसे नाही. वळसा घालून वाईमार्गे येणारा पाहुणा दोन तास उशिरा, पण सुखरूप पोहोचतो.

सहलींची यादी किलोमीटरमध्ये मोजणे

कोणीतरी कोठून तरी उतरवून घेतलेली ‘पाहण्यासारखी ठिकाणे’ ही यादी आता घरोघरी प्लास्टिकच्या आवरणात घालून टेबलावर ठेवलेली असते. त्यात प्रतापगड २४ किलोमीटर, तापोळा साधारण तेवढेच, कास पठार, पाचगणी, वाई आणि डझनभर पॉइंट एकाखाली एक लिहिलेले असतात. पाहुणा ती वाचतो, बेरीज करतो आणि एका दिवसात प्रतापगड, तापोळा आणि सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट असा बेत आखतो. परिणामी दिवसभर गाडीत बसून लहान मुलांना उलट्या होतात आणि बॉम्बे पॉइंटला पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो.

डोंगरातील अंतर तासांतच सांगायला हवे. प्रतापगडाला जायला पाऊण ते एक तास, यायला तेवढाच, आणि गड नीट पाहायचा असेल तर वर किमान दोन तास लागतात. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला हा गड आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी पायथ्याशी झालेली अफझलखानाची भेट, हे सारे समजून घ्यायचे तर भवानीच्या देवळापासून बालेकिल्ल्यापर्यंत पायांना आणि मनालाही सवड द्यावी लागते. म्हणून प्रतापगड हा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे, आणि तो सकाळचाच आहे. त्याच दिवशी दुपारी जोडायचे असेल तर क्षेत्र महाबळेश्वर जोडावे. शहरापासून सहा-सात किलोमीटरवरील या जुन्या गावात पंचगंगेचे मंदिर आहे, जिथे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम मानला जातो. जवळच असलेले काळ्या दगडातील कृष्णाबाईचे देऊळ बहुतेक पर्यटक वगळतात. मी मात्र आमच्या पाहुण्यांना तिथे आवर्जून पाठवतो, कारण तिथे गर्दी नसते आणि समोर कृष्णेचे खोरे उघडे दिसते. तोच रस्ता पुढे आर्थर सीटला जातो.

तापोळ्याला स्वतंत्र दिवस द्यावा. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरील या गावात नौकाविहार करून जेवून परत यायचे असेल, तर दिवस आरामात जातो. पण तिथूनच बोटीने वासोटा किल्ल्याला जायचे असेल, तर पहाटेच निघावे लागते. वासोटा कोयना अभयारण्याच्या जंगलात आहे, वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात तो बंद असतो आणि संध्याकाळपूर्वी बोटीत परतावेच लागते. सकाळी साडेनऊला पोहे खाऊन ‘आता वासोट्याला जाऊ’ म्हणणाऱ्या पाहुण्याला मी नम्रपणे नकार देतो. त्याला थोडे वाईट वाटले तरी चालेल.

कास पठाराविषयी तर मालकांनी बोलण्यापूर्वी स्वतः एकदा जाऊन यावे. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, त्यांत कास आहे, आणि तिथे दररोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवलेली असते आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. फुलांचा हंगाम ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. तेरडा, सीतेची आसवे, गेंद यांचे गालिचे एकाच दिवशी सगळे दिसतील असे नाही. आठवड्यागणिक पठाराचा रंग बदलतो, आणि टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. महाबळेश्वरहून केळघर-मेढामार्गे साताऱ्याला उतरून पुन्हा कास चढायचे, म्हणजे पूर्ण दिवस गेला. मे महिन्यातील पाहुण्याला कास सुचवणारा मालक त्याला करपलेल्या कातळावर पाठवतो आहे, हे स्पष्ट लिहिणे मला भाग आहे.

पावसाळ्यात पॉइंटांची आशा दाखवणे

जुलै-ऑगस्टमध्ये विल्सन पॉइंटवरून सूर्योदय दिसण्याची शक्यता अगदीच थोडी असते. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावाचे पावसाळी सौंदर्य वेगळे आहे, आणि तेच पाहुण्याला आधी प्रामाणिकपणे सांगावे. लिंगमळ्याचा धबधबा याच दिवसांत पाहावा. देशातील पहिले पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून ओळखले जाणारे भिलार पाचगणीजवळच आहे, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना एखाद्या घराच्या पडवीत बसून मराठी पुस्तके वाचण्यासारखा दुपारचा कार्यक्रम दुसरा नाही.

वर सलग दोन दिवस काहीच दिसत नसेल, तर मी पाहुण्यांना सरळ घाटाखाली, वाईला धाडतो. पसरणी घाट उतरता उतरता बहुधा धुके मागे राहते. कृष्णेच्या काठचा, १७६२ मध्ये बांधलेला ढोल्या गणपती, तेथील घाट, आणि तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागील चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली मोठी घंटा, एवढे पाहून पाहुणे संध्याकाळी प्रसन्न होऊन वर येतात. नवे मालक हे सुचवत नाहीत, कारण ‘आपल्या गावाबाहेर’ पाहुणा पाठवणे त्यांना कमीपणाचे वाटते.

दमट अंथरूण

पावसाळ्यात बंद खोलीतील गादी दोन दिवसांत ओलसर होते आणि उशीला वास येतो. त्यावर अत्तराचा फवारा मारणे हा मला अजिबात न पटणारा शॉर्टकट आहे. पूर्वी पावसाआधी घरांच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधत असत, आता प्लास्टिक किंवा पत्रे लावतात. पण वाऱ्याच्या बाजूची भिंत झाकली नाही तर आतील कोणताही उपाय अपुराच पडतो. मी पांघरुणे लोखंडी पेटीत ठेवतो, पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी खोलीत हीटर लावून गाद्या उभ्या करून ठेवतो आणि चादरी शेवटच्या तासात घालतो. ज्यांना एवढे करायचे नसेल, त्यांनी जून ते सप्टेंबर घर बंद ठेवावे.

आणखी काही गोष्टी

माकडांना खायला घालू नये आणि खिडकी उघडी टाकून बाहेर जाऊ नये, हे तोंडी सांगावे. भिंतीवरची पाटी कोणी वाचत नाही.

स्ट्रॉबेरीची छायाचित्रे जाहिरातीत असतील, तर फळाचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल आहे, हे त्याच ओळीत लिहावे.

वीज गेल्यावर गिझर इन्व्हर्टरवर चालत नाही, म्हणून गॅसवर पाणी तापवण्याची सोय ठेवावी.

परदेशी पाहुणा आला, तर चोवीस तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) ऑनलाइन भरावा लागतो, मग ते हॉटेल असो की राहते घर. ‘एका रात्रीचाच तर प्रश्न आहे’ म्हणून तो टाळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. कायदा वाचा, एवढेच सांगतो.

गाडीच्या चालकाचा विसर पडणे

भाड्याची गाडी घेऊन येणारी कुटुंबे पुष्कळ असतात, आणि बहुतेक घरमालक माणसे मोजताना चालकाला मोजतच नाहीत. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात, इतकी थंडी पडते. अशा रात्री चालक काचा लावून गाडीत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेत घाटात गाडी चालवतो. नोंदणी घेतानाच ‘सोबत चालक आहे का?’ असे विचारावे आणि त्याच्यासाठी वेगळी खोली, निदान बंद पडवीत खाट, दोन जाड घोंगड्या आणि स्वच्छतागृह यांची सोय करावी. त्यासाठी थोडे जास्त भाडे मागितले, तर समंजस पाहुणा नाही म्हणत नाही. चालकाला रात्रीचे जेवण पाहुण्यांच्याच वेळेला, गरम वाढावे आणि पहाटे प्रतापगडाला निघायचे असेल तर ते त्याला आदल्या रात्रीच, पाहुण्यांसमोर सांगावे, म्हणजे तो वेळेत झोपतो.