काळपुळीचा संशय आहे? मग सुरी खाली ठेवा

संध्याकाळपर्यंत चरणारं जनावर सकाळी मरून पडलेलं दिसलं, की साप चावला किंवा विषबाधा झाली असं आधी वाटतं. असा अंदाज चुकला तरी बिघडत नाही. बिघडतं ते ‘फाडून बघू, काय झालंय’ म्हटल्यावर.

काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स. शव बंद राहिलं तर आतल्या सडण्यातच त्याचे बहुतेक जंतू काही दिवसांत मरतात. शव उघडून रक्ताला हवा लागली, की त्यांचे बीजाणू, म्हणजे जंतूंची कडक कवचातली सुप्त रूपं, तयार होतात आणि ती मातीत दशकानुदशकं टिकतात. स्कॉटलंडच्या ग्रुनार्ड बेटावर १९४२-४३ मध्ये या जंतूच्या चाचण्या झाल्या. ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला १९९० उजाडलं, तेही फॉर्मल्डिहाइडने जमीन धुऊन काढल्यावर.

पोट झपाट्याने फुगणं, शरीर नीट न ताठरणं, नाका-गुदातून काळपट, न गोठणारं रक्त येणं ही ओळखीची लक्षणं. पण रक्त आलं नाही म्हणून काळपुळी नाही, असं समजू नका. ते प्रत्येक वेळी येतंच असं नाही. डुकरांत तर गळ्याची सूजच ठळक दिसते. निदानासाठी शवविच्छेदन लागत नाही. पशुवैद्य कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर तपासतात. तोवर कुत्री आणि गिधाडं शवाजवळ येऊ देऊ नका. जंगलात तर हेच काम सर्वांत अवघड.

‘निदान कातडं तरी काढू’, ‘मांस चांगलं शिजवू’ हे हिशेब महागात पडतात. कातडं सोलणं म्हणजे शव उघडणंच, आणि साध्या शिजवण्याने बीजाणू मरतील याचा भरवसा नाही. शव शक्यतो जागेवरच पूर्ण जाळावं. जमत नसेल तर पाण्यापासून दूर, खोल पुरावं. पुरताना चुना टाकायची सवय मात्र सोडा. त्यातलं कॅल्शियम बीजाणू टिकायला मदतच करू शकतं. हात आणि हत्यारं सॅनिटायझरने पुसून भागत नाही, कारण अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत.

लसीबाबतची चूक सावकाश अंगाशी येते. बरीच वर्षं रोग दिसला नाही, की लस बंद होते. सायबेरियातल्या यामालमध्ये रेनडिअरचं लसीकरण २००७ मध्ये थांबलं. २०१६ च्या कडक उन्हाळ्यात दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि एका बारा वर्षांच्या मुलाचाही जीव गेला. दुसरी चूक घाईतली: साथ सुरू झाली म्हणून लस आणि अँटिबायोटिक एकदमच टोचणं. ही लस जिवंत जंतूंची असते. औषध तिलाच मारतं. आजारी जनावराला आधी उपचार, लस नंतर, आणि मधलं अंतर पशुवैद्य ठरवतील.

माणसांत बहुतेक वेळा हा रोग कातडीवर दिसतो. खाजरी पुळी, भोवती सूज, मग मधोमध काळी खपली. ती दुखत नाही, म्हणून लोक अंगावर काढतात किंवा फोडून पिळतात. दोन्ही टाळा. ताप, धाप, मांस खाल्ल्यानंतर पोटात तीव्र कळा किंवा रक्ताची उलटी-जुलाब असतील तर लगेच रुग्णालय गाठा. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर कातडीची काळपुळी सहसा पूर्ण बरी होते. फक्त एक करा: मेलेल्या जनावराला हात लावला होता किंवा त्याचं मांस खाल्लं होतं, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणहून सांगा.