१४ हजारांत ‘आय सेव्हन’? घरचा डेस्कटॉप घेताना या चुका टाळा

दिवाळी झाल्यावर मावशीचा फोन आला. “अरे, काकांनी कॉम्प्युटर आणलाय. आय सेव्हन! मॉनिटरसकट १४ हजार. पण चालू व्हायला चहा होतो.” चहा होतो म्हणजे अक्षरशः. बटण दाबून ती स्वयंपाकघरात जाते, आधण ठेवते आणि कप घेऊन येते, तरी पडद्यावर ते ठिपक्यांचं कडं फिरतच असतं.

रविवारी जाऊन कॅबिनेट उघडलं. बाहेरून काचेचं दार आणि निळे-जांभळे दिवे. आत इंटेलचा आय सेव्हन प्रोसेसर होता, पण २६०० क्रमांकाचा, म्हणजे २०११ सालचा. मदरबोर्ड एच-६१, त्यावर कंपनीचं नाव शोधूनही सापडेना. डीडीआर-३ या जुन्या जातीची ८ जीबी रॅम. आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क, जिच्यावर कुठल्याशा ऑफिसच्या मालमत्ता क्रमांकाचं लेबल अर्धवट खरवडलेलं होतं. दुकानदार खोटं काहीच बोलला नव्हता. आय सेव्हनच दिला होता त्याने.

नाव ऐकून भुलणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही एकाच वर्षाच्या मालातली वर्गवारी आहे. वर्ष बदललं की तुलना संपली. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून: २६०० म्हणजे दुसरी पिढी, ८१०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. काकांच्या आय सेव्हन २६०० मध्ये चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. २०२२ साली आलेल्या आय थ्री १२१०० मध्येही नेमके तेवढेच आहेत, पण तो दुपटीहून अधिक काम उरकतो आणि वीजही कमी खातो. तेव्हा “आय सेव्हन आहे का?” असं विचारू नका, “पूर्ण नंबर काय?” असं विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

दुकानातच खात्री करायला अर्धा मिनिट पुरतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम किती आणि तिच्या किती खाचा (स्लॉट) भरलेत, डिस्क एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी) की एचडीडी (फिरती हार्ड डिस्क), सगळं समोर येतं. तिथे दुकानदार “साहेब, नंतर बघा ना” म्हणाला, तर घाई नेमकी कोणाला आहे ते ओळखा.

एसएसडी टाळून हार्ड डिस्क घेणं

“एक टीबी देतो, फोटो, पिक्चर सगळं मावेल” हे ऐकायला छान वाटतं. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली इकडून तिकडून वाचाव्या लागतात, आणि फिरत्या तबकडीवर सुई दर वेळी जागा शोधत बसते. घरचा कॉम्प्युटर रडतो तो बहुतेक वेळा इथे, प्रोसेसरपाशी नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली की निदान झालंच. सिस्टिमसाठी २५६ जीबीची एसएसडी घ्या, ५१२ जमली तर उत्तमच. फोटोंसाठी जुनी हार्ड डिस्क सोबतीला राहू द्या.

मावशीकडे आधी मी एवढंच केलं. साधी साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) एसएसडी टाकली आणि चालू व्हायचा वेळ दोन मिनिटांवरून २५ सेकंदांवर आला. प्रोसेसर तोच, दिवेही तेच.

रॅम मात्र ८ जीबीच्या खाली घेऊ नका. ब्राउझरच्या दहा खिडक्या आणि एक व्हिडिओ कॉल यातच ४ जीबीचा जीव जातो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की १६ जीबीचा हट्ट मी सगळ्यांना करत नाही. आज ८ ची एकच पट्टी घ्या, पण दुसरा स्लॉट रिकामा आहे ना, ते बघून.

विंडोजचा विचार नंतर करणं

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर चालतो. काकांच्या डब्यात ११ होतं, पण तपासणीला बगल देऊन घुसवलेलं, शिवाय अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्स न घेता विंडोज अस्सल भासवणारा प्रोग्राम) मारलेलं. ज्या मशीनवरून सोसायटीच्या बँक खात्याचे व्यवहार होतात, तिथे कुणी बनवला ते माहीत नसलेला अ‍ॅक्टिव्हेटर मला तरी झोप लागू देणार नाही. शेवटी तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. सोसायटीचा जमाखर्च लिब्रे ऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममध्ये उघडला. फक्त दोन-तीन ठिकाणी रकान्यांची रुंदी हलली, त्यावर काकांनी तासभर मला सुनावलं.

तुम्हाला विंडोजच हवं असेल तर लायसन्सची किंमत पहिल्यापासून हिशेबात धरा. नाहीतर लायसन्ससकट येणारा ब्रँडेड किंवा रीफर्बिश्ड (वापरलेला, पण तपासून-दुरुस्त करून विकलेला) सेट बघा. रीफर्बिश्डला नाकं मुरडायचं कारण नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले आठव्या-नवव्या पिढीचे छोटे डेस्कटॉप घरकामाला दणकट असतात. अडचण एकच, त्यांचे पॉवर सप्लाय बऱ्याचदा खास मापाचे असतात. गेला तर बाजारातला साधा बसत नाही. लिहिणं-वाचणं, व्हिडिओ आणि बँकेपुरतंच काम असेल, तर इंटेल एन-१०० या छोट्या प्रोसेसरचा मिनी पीसीही चालतो. मॉनिटरच्या पाठीला चिकटतो आणि वीज नावालाच खातो.

नको तिथे खर्च, हवी तिथे काटकसर

घरगुती वापराला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पण इंटेलच्या क्रमांकामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, आणि कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. एएमडी कंपनीच्या रायझन ५६०० आणि ५६००जी मध्येही हीच गोम आहे, घरासाठी ‘जी’ वाला घ्यायचा. “दोनशे रुपये कमी” म्हणून एफ गळ्यात मारल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

काटकसर नेमकी होते ती पॉवर सप्लायवर. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर (म्हणजे पॉवर सप्लायवर) ४५० वॅट छापलेलं असतं, पण हातात घेतलात तर पोह्यांच्या डब्याइतका हलका. नावाजलेल्या कंपनीचा घ्या, कमी वॅटचा असला तरी चालेल. ६०० व्हीएचा यूपीएस काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता पुरतो. त्याला लेझर प्रिंटर मात्र लावू नका. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघा. ते दुसरीकडे असेल तर दिवे-पंखे चालू राहतात, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि दोष मशीनला जातो.

“बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के वाचतील” हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंत कुठेही कानावर पडू शकतं. वाचतात, पण वॉरंटीचा दाखलाही तिथेच जातो. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असलेलं बिल घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण छपाई वर्षभरात उडते.

आणलाय, पण त्रास देतोय?

पंखे फिरतात, पडदा काळा: आधी केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची एचडीएमआय केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डला नाही. तरीही नाही आलं तर प्लग काढा, रॅम बाहेर काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसा आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवा. ही युक्ती हास्यास्पद वाटते, पण विशेषतः पावसाळ्यात माझी अर्धी कामं तिनेच होतात.

रोज तारीख मागे जाते आणि बँकेची साइट “कनेक्शन सुरक्षित नाही” म्हणते: मदरबोर्डवरचा सीआर २०३२ बटन सेल संपलाय. तो किरकोळ किमतीत मिळतो. व्हायरस समजून फॉरमॅट मारू नका.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात: हे “स्टॅटिक आहे” म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसमधला फिल्टर थोडासा करंट बॉडीवर सोडतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. जुन्या वाड्यांत, चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. मावशीकडे तर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कोंबलेला होता. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात फार तर दोन-तीन. तोवर प्लग काढल्याशिवाय मागच्या केबलींना हात लावू नका.