कोकणात चित्रांचा स्टुडिओ बांधताय? आधी एक पावसाळा त्या जागेवर काढा

गावाला घराशेजारी पेंटिंगसाठी स्टुडिओ बांधायचाय, काय काय बघू, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितोय. मी रत्नागिरीजवळचा, त्यामुळे हे सगळं कोकणाला धरून आहे.

नकाशाची घाई करू नका. जून ते सप्टेंबर जमेल तेवढं जागेवर जाऊन बसा, झड कुठून येते, पाणी कुठून वाहतं, उजेड कसा पडतो ते वहीत लिहा. उजेडाचं मुद्दाम सांगतो, समोर आंबा-फणस असेल तर पावसाळ्यात पानांवरून येणारा उजेड हिरवट असतो, कॅनव्हासवरचा पांढराही हिरवट दिसतो, मग आपण नकळत त्यात लाल मिसळतो आणि तेच चित्र मुंबईत नेऊन भिंतीवर लावलं की तांबूस दिसतं. माझी दोन चित्रं अशी वाया गेली. उपाय झाड तोडणं हा नाही, खिडकी उंचावर घ्या म्हणजे पानांऐवजी आभाळाचा उजेड येईल.

खिडकी उत्तरेला घ्या असं सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण तो नियम युरोपातला. आपण साधारण १७ अंश उत्तरेला, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेलाच असतो. दुपारचं ऊन वळचण अडवते, सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन मात्र थेट आत येतं. जून-जुलैत ढगांमुळे निभतं पण मे महिन्यात फार त्रास होतो, म्हणून चार फुटी खिडकीच्या दोन्ही अंगांना भिंत दीडेक फूट बाहेर काढा.

भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो, दिसायलाही मातीतूनच वर आल्यासारखा, बाहेरून प्लास्टर करून तो झाकू नका प्लीज. पण चिरा पाणी पितो आणि इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. झड पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येते, म्हणून त्या बाजूला पडवी काढा. ब्रश धुवायला, फ्रेम ठोकायला ती कामी येते आणि भिंतही कोरडी राहते. पडवी नसेल तर जुनी माणसं बांधतात तसे झावळ्यांचे झाप बांधा, तेही छान काम करतात.

छप्पर कौलांचं, चांगल्या उताराचं. पत्रा स्वस्त पडतो पण पावसात त्याच्याखाली शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही आणि मे महिन्यात नुसती भट्टी. मध्ये दोन-तीन काचेची कौलं टाका, फक्त इझलच्या डोक्यावर नको, उन्हाचा कवडसा चित्रावरून सरकत राहतो.

आतून ऑइलपेंट नको, चुन्याची सफेदी द्या, भिंत श्वास घेते आणि बुरशी कमी धरते. जोतं उंच घ्या, वाळवीसाठी. समुद्र जवळ असेल तर बिजागऱ्या, कड्या पितळी घ्या, लोखंड खाऱ्या हवेत टिकत नाही. माडाखाली बांधू नका, वरून नारळ पडला की कौल गेलंच.

आणि तयार चित्रं पश्चिमेच्या भिंतीला कधीच टेकवू नका. आतल्या बाजूला लाकडी फळ्यांचं रॅक करा, जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि पावसाळ्यात जरा उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळू द्या, तासभर जरी मिळाला तरी.