मोकळा फोटो शोधावा कसा आणि द्यावा कसा

लेखाला किंवा सादरीकरणाला फोटो हवा असला की आपण गूगलवर शब्द टाकतो, आवडेल तो फोटो उतरवून घेतो आणि लावून टाकतो. घोटाळा इथेच होतो. फोटो काढला त्या क्षणीच त्यावर काढणाऱ्याचा हक्क तयार होतो, मग त्यावर नाव किंवा खूण असो वा नसो. त्यामुळे आपल्याला नुसता फुकट फोटो शोधायचा नाही. ज्याच्या मालकाने ‘वापरा’ असं आधीच लिहून ठेवलंय, असा मोकळा फोटो शोधायचा आहे.

आधी जागा निवडा

खिडकीवरचा पाऊस, टेबलावरची वही, धुक्यातली वाट असं काही हवं असेल तर अनस्प्लॅश, पेक्सेल्स किंवा पिक्साबे या फुकट फोटो देणाऱ्या साइट बघा. मात्र एखादा ठरावीक पक्षी, यंत्र, इमारत किंवा जुना प्रसंग हवा असेल तर तिथे वेळ घालवू नका, थेट विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या फाइलींच्या साठ्यावर जा. २००४ पासून जमत गेलेल्या या साठ्यात आज दहा कोटींहून जास्त फाइली आहेत आणि बहुतेकींना नीट वर्णन आहे. जुनी चित्रं आणि वस्तू यांसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-समूहाने २०२० मध्ये आपापले लाखो फोटो खुले केले आहेत. अनेक साठे एकदम धुंडाळायचे असतील तर ओपनव्हर्स ही शोधसाइट आहे. गूगल इमेजेसमध्येही ‘टूल्स’खाली वापराच्या हक्कांचा फिल्टर मिळतो, पण त्याच्यावर विसंबू नका, मूळ पान उघडून खात्री कराच.

शोधताना भावना टाकू नका, दिसणारी वस्तू टाका. ‘एकटेपणा’ शोधलंत तर तीच ती पाठमोरी माणसं येतील. ‘रिकामा बाक’ शोधून बघा. इंग्रजी शब्द टाकल्यास निकाल बरेच वाढतात. काही साइटवर वरच्या ओळीत विकतचे फोटो जाहिरात म्हणून दिसतात, तेवढे ओळखा.

परवाना वाचा

हे काम दोन मिनिटांचं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. बहुतेक मोकळ्या फोटोंवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (थोडक्यात ‘सीसी’) तयार परवाना असतो. त्याची अक्षरं लक्षात ठेवली की बरंचसं काम होतं. ‘सीसी झिरो’ म्हणजे मालकाने शक्य तेवढे सगळे हक्क सोडले. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्यायलाच हवं. ‘एसए’ असेल तर फोटोत बदल करून तुम्ही जे प्रसिद्ध कराल, तेही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नाही. ‘एनडी’ असेल तर बदललेली आवृत्ती इतरांना देता येत नाही. फोटो कापून पोस्टरवर बसवायचा असेल तर असा एनडी फोटो घेऊ नका.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे यांचे परवाने स्वतःचे आहेत. तिथे श्रेयाची सक्ती नाही, पण फोटो जसाच्या तसा छापून विकता येत नाही. अनस्प्लॅशवर २०१७ पर्यंत आणि पिक्साबेवर २०१९ पर्यंत सीसी झिरो होता, नंतर नियम बदलले. म्हणूनच फोटो उतरवताना पानाचा पत्ता, तारीख आणि परवान्याचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढे कुणी विचारलंच, तर हाच पुरावा कामी येतो.

फोटोत ओळखू येणारी माणसं असतील तर आणखी जपा. परवाना फोटो काढणाऱ्याने दिलेला असतो, फोटोतल्या माणसाने नव्हे. आजार, कर्ज किंवा गुन्ह्यावरच्या मजकुराशेजारी कुणा अनोळखी माणसाचा चेहरा लावणं मला अन्यायाचं वाटतं, मग परवाना काहीही म्हणो.

श्रेय असं लिहा

फोटोचं नाव, काढणाऱ्याचं नाव, मूळ पान आणि परवाना, एवढं पुरे. उदाहरणार्थ: ‘नदीकाठची सकाळ’, छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०. शक्य तिथे दुवे द्या, फोटो कापला असेल तर तसं लिहा. सक्ती नसली तरी नाव द्याच. मोबदला न घेता कुणीतरी पहाटे उठून तो फोटो टिपलेला असतो.

आता तुमचे फोटो

या साइटवर तुम्हालाही फोटो द्यायचे असतील तर फक्त स्वतः काढलेले फोटोच चढवा. त्याआधी फाइलमध्ये लपलेली जागेची नोंद तपासा. घरातल्या फोटोतून घराचा पत्ता बाहेर जाऊ शकतो. फाइल लहान करून देऊ नका, अनस्प्लॅशला किमान पाच मेगापिक्सेल लागतात. कॉमन्सवर एनसी आणि एनडी चालत नाहीत, तेव्हा व्यापारी वापराला तुमची हरकत नाही ना, हे आधीच ठरवा, कारण दिलेला सीसी परवाना मागे घेता येत नाही. शेवटी फाइलचं नाव बदला. कॅमेऱ्याने दिलेले आकडे कुणीच शोधत नाही. फोटोत काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे हे लिहा, आणि वर्णन मराठीतही द्या, म्हणजे मराठीत शोधणाऱ्यालाही तो सापडेल.