नाइट गार्ड करण्याआधी घोरणं ऐका

"जबडा कटकट वाजतो, सकाळी कानशिलं ठणकतात, रात्री दातांवर घालायचं नाइट गार्ड करून द्या," असं सांगत कोणी माझ्या फोंड्याच्या दवाखान्यात आलं की मी आधी सोबतच्या माणसाला विचारते, "रात्री हे घोरतात का?" बायको हसते. "आणि घोरता घोरता मध्येच गप्प होतात?" मग ती नवऱ्याकडे बघते.

हे घरीच तपासता येतं. मोबाइल उशाशी ठेवून आवाज टिपा, पहाटेचा भाग नक्की ऐका. घोरणं चढत जाऊन एकदम बंद, मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास, असं ऐकू आलं तर गार्ड राहू दे, आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो याची तपासणी. निदान 10 सेकंद श्वास अडकला की एक खेप धरतात. तासाला 5 च्या आत ठीक, 30 पासून पुढे गंभीर.

आता जबड्याचा सांधा. कानाच्या अगदी पुढे बोटं टेकवून तोंड उघडा-मिटा. आपलीच तीन बोटं पुढच्या दातांमध्ये उभी मावायला हवीत. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर त्याच्या नादी लागू नका. दुखत असेल तर काही दिवस कांकणं (बांगडीसारखे कडक पाव) चहात बुडवूनच खा आणि जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा.

जीभ खालच्या जबड्याला आतून बांधलेली असते. जबडा लहान किंवा मागे असला की उताणं झोपल्यावर ती घशावर येते, श्वासाची वाट अडते, मेंदू अर्धवट जागा होतो आणि काही जण त्याच सुमारास दात खातात. वरच्या दातांवरचं साधं गार्ड दातांची झीज वाचवतं, वाट मोकळी करत नाही. काहींचा श्वास त्याने जास्तच अडतो. खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण वेगळं. पण सांधा दुखरा असेल तर ते थोडंथोडंच पुढे सरकवून घ्या, आणि दाढा जुळेनाशा झाल्या तर लगेच सांगा. रात्रीची फेणी घशाचे स्नायू सैल सोडते, हेही मी सांगते. तिथे बहुतेक जण विषय बदलतात.

मुलांच्या बाबतीत मात्र थांबू नका. मूल हनुवटीवर पडलं आणि पुढे तोंड कमी कमी उघडू लागलं, तर सांधा हाडाने जखडत असू शकतो. मग खालचा जबडा खुंटतो, हनुवटी मागे राहते, मूल घोरू लागतं. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवा. जाताना झोपलेल्या मुलाचा व्हिडिओ न्या, सदरा काढून घेतलेला, म्हणजे श्वास घेताना छाती आत ओढली जाते का ते दिसेल.