चित्ररथ वीस फुटांवरून, कॅमेरा दोन फुटांवरून : घरगुती शॉर्ट फिल्ममधल्या या चुका टाळा

बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथावर जो एकदा तरी मावळा होऊन उभा राहिलाय, त्याला पुठ्ठ्याची ढाल करायला शिकवावं लागत नाही. थर्माकोल कापणारी, फेटे बांधणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. शॉर्ट फिल्मचं घोडं नेमकं याच तयारीपायी अडतं. चित्ररथ लोक रात्री, गर्दीतून, वीसेक फुटांवरून बघतात. कॅमेरा दोन फुटांवर येऊन थांबतो.

आमचं पहिलं चिलखत जाड लोकरीने विणलेलं होतं, वर चंदेरी स्प्रे. मिरवणुकीत थेट लोखंड वाटायचं. क्लोजअपमध्ये स्वेटर दिसला. शेजारच्या काकूंनी तर टाकासुद्धा ओळखला, "हा उलटाच घातलायस की रे!" पुढच्या वेळी आधी काळा हात मारला, तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर चंदेरी रंग घासला. खोबण्या काळ्या राहिल्या आणि धातूचा भास आला. तरीही क्लोजअप चेहऱ्याचाच घ्या, चिलखत लांबूनच बरं.

कापडाचंही तसंच. सॅटिन दिव्याखाली चमकतं, नवीन पांढरं धोतर नुसतं पांढरा डाग होऊन बसतं. जुनं सुती कापड चहाच्या पाण्यात बुडवा, वाळल्यावर खानापूरकडची तांबडी माती चोळा. बारीक चौकड्यांची साडी टाळा. ती कॅमेऱ्यात लाटांसारखी थरथरते. शूटिंगच्या आदल्या दिवशी प्रत्येक पोशाख मोबाइलवर मिनिटभर शूट करून टीव्हीवर बघा. आरशावर विश्वास ठेवू नका. आणि मनगटावरचं घड्याळ, दोरे, अंगठ्या कोणी काढायच्या, ते एकाच माणसाकडे द्या.

खरी माती होते ती आवाजात. चित्र जरा काळवंडलं तरी लोक बघतात, संवाद कळले नाहीत तर उठून जातात. कॅमेऱ्याचा मोबाइल दहा फुटांवर ठेवून बोललेला संवाद खोलीत घुमतो, गच्चीवर वारा खातो. दुसरा मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून, रेकॉर्डर चालू करून नटाच्या बाराबंदीत छातीशी बांधा. माइक वरच्या बाजूला, कापड त्यावर घासू देऊ नका. बाहेर वायरचा माइक वापरत असाल तर जुन्या फरच्या खेळण्याचा तुकडा त्यावर गुंडाळा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी, चित्र आणि आवाज जुळवायला तीच खूण. आणि निघण्यापूर्वी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प राहून जागेचा नुसता आवाज घ्या. एडिटिंगमध्ये दोन संवादांमधली भोकं त्यानेच बुजतात.

टाळी जुळते, पण तिसऱ्या मिनिटाला ओठ आणि आवाज वेगळे होतात? मोबाइल उजेडानुसार फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, म्हणून. फाइल आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घ्या, मग एडिटला बसा. आम्ही हे कळायच्या आधी एक पूर्ण रविवार ओठ सरकवण्यात घालवला.

बल्बखाली चित्रावर काळे पट्टे सरकत असतील तर दिवा बदलू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची; साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर लावून बसतो, ताळमेळ जमत नाही. २५ फ्रेम, १/५० शटर ठेवा, पट्टे जातात. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर नट हलला की चित्र उजळतं-मावळतं.

जागा निवडताना मागे काय दिसतंय ते बघा. सतराव्या शतकाच्या दृश्यात मागून कन्नड पाटीची लाल बस गेली की टेक फुकट. बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, संरक्षित वास्तू आहे, ट्रायपॉड नेण्याआधी परवानगीचं विचारा. ड्रोनसाठी सांबरा विमानतळाभोवतीची हद्द डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन नकाशावर तपासा. कॅम्पच्या लष्करी भागात तर नकोच.

राजहंसगडावर उजेड परतवणारा थर्माकोलचा रिफ्लेक्टर नुसता हातात धरायचा नाही. वारा तो घेऊन जातो. मागे पट्टी ठोका, खाली वाळूची पोती बांधा. आमचा गेला तो दोन दिवसांनी खाली यळ्ळूरच्या शेतात सापडला. कुणीतरी त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.